एर्नेस्टाइन घराण्याच्या क्रॉसची प्रत : कामाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, येना (जर्मनी)

तांब्यावर मिन्याचे काम, म्हणजे काचेची रंगीत पूड धातूवर भाजून बसवणे, शिकायला लागून मला दीड वर्ष झाले. आतापर्यंत वाट्या, बटणे आणि कानातली एवढ्यावरच भागत होते. यंदा एक अवघड वस्तू हातात घ्यावी असे ठरवून मी झाक्सेन-एर्नेस्टाइन या जर्मन राजघराण्याच्या ऑर्डरचा, म्हणजे राजघराण्याकडून पदकरूपाने दिल्या जाणाऱ्या सन्मानाचा, नाइट दर्जाचा क्रॉस निवडला आहे. मूळ क्रॉस साधारण चार सेंटीमीटरचा असतो. मी दुप्पट आकाराची, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ८० मिलिमीटरची प्रत करणार आहे. त्यामुळे काम हाताला सोसेल आणि कुणी ती अस्सल म्हणून विकायलाही जाणार नाही.

इतिहास कामापुरता लिहून ठेवतो. २५ डिसेंबर १८३३ रोजी जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या तीन ड्यूकांनी मिळून ही ऑर्डर स्थापन केली : झाक्सेन-आल्टेनबुर्गचा फ्रीडरिश, झाक्सेन-कोबुर्ग-गोथाचा एर्न्स्ट आणि झाक्सेन-मायनिंगेनचा बेर्नहार्ड. गोथाचा ड्यूक पहिला फ्रीडरिश याने १६९० मध्ये काढलेल्या ‘जर्मन सचोटीच्या ऑर्डर’चे हे पुनरुज्जीवन मानले गेले. क्रॉस पांढऱ्या मिन्याचा, आठ टोकांचा, म्हणजे माल्टीज घडणीचा आहे. टोकांवर गोळे, भुजांच्या मधल्या चार कोपऱ्यांत सिंह, मध्ये एका माणसाचा सोनेरी मुखवटा, त्याभोवती निळ्या कड्यात सोनेरी अक्षरांतले लॅटिन ब्रीद आणि सर्वांत बाहेर ओकच्या पानांची हिरवी माळ, अशी त्याची रचना आहे.

अंदाज : खर्च १५० युरो, वेळ सहा आठवडे. दोन्ही आकडे मुद्दाम इथे लिहून ठेवतो आहे.

२० जानेवारी

दीड मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्यातून क्रॉस कापला. माल्टीज क्रॉसच्या प्रत्येक भुजेच्या टोकाला आत शिरलेली खाच असते. ती मी पहिल्या कागदी नमुन्यात फार खोल काढली होती, त्यामुळे भुजा माशाच्या शेपटीसारख्या दिसू लागल्या. तीन नमुने बाद झाल्यावर चौथा पत्र्यावर चिकटवला. करवतीची अकरा पाती तुटली.

मीना भरण्यासाठी भुजांमध्ये उथळ घर हवे आणि कडेला धातूची बारीक किनार उरायला हवी. किनारीवर नेलपॉलिश लावून पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवला. ०.४ मिलिमीटर खोली गाठायला जवळपास पाच तास लागले. द्रावण किनारीच्या खालूनही तांबे खाते हे मी हिशेबात धरले नव्हते, म्हणून एक मिलिमीटरची ठरवलेली किनार काही ठिकाणी अर्धीच उरली. पुढच्या वेळी किनार दीड मिलिमीटर आखायची आणि दर अर्ध्या तासाने पत्रा काढून ब्रशने पुसायचा.

२८ जानेवारी

मधला मुखवटा मेणात कोरला. व्यास १६ मिलिमीटर. माझ्या टिपणात ‘मध्ये ड्यूक एर्न्स्ट पहिला’ एवढेच होते, आणि हाती असलेल्या छायाचित्रांत तो भाग इतका झिजलेला होता की केवळ डोक्याची बाह्यरेषा दिसत होती. म्हणून कोबुर्गच्या पहिल्या एर्न्स्टच्या नाण्यावरचे चित्र समोर ठेवले. आखूड केस, कानशिलावर कल्ले, उघडी मान. चार संध्याकाळी या कामात गेल्या. नाक आणि हनुवटी चांगली साधली आहेत. उद्या पितळेत ओतण्यासाठी पाठवीन. ओतणावळ ४८ युरो.

१० फेब्रुवारी

मुखवटा परवा ओतून आला. आज गोथाला गेलो आणि ते ४८ युरो पाण्यात गेल्याचे कळले.

फ्रीडेनश्टाइन राजवाड्यासमोर ड्यूक एर्न्स्टचा पुतळा उभा आहे. त्याचे केस लांब आहेत, अंगावरचा पोशाख सतराव्या शतकातला आहे, आणि माझ्या खिशातल्या पितळी माणसाशी त्याचे कणभरही साम्य नाही. हाही ‘एर्न्स्ट पहिला’च. मात्र हा गोथाचा, ज्याला लोक ‘धर्मनिष्ठ एर्न्स्ट’ म्हणतात तो. जन्म १६०१, मृत्यू १६७५. क्रॉसवर त्याचा मुखवटा असतो. मी कोरला तो कोबुर्ग-गोथाचा एर्न्स्ट पहिला. ऑर्डरच्या तीन संस्थापकांपैकी तो एक, १७८४ साली जन्मलेला. घराण्याला ‘एर्नेस्टाइन’ हे नाव ज्याच्यामुळे पडले तो तर तिसराच एर्न्स्ट. १४८५ मध्ये लाइपझिगच्या वाटणीत त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ आल्ब्रेश्ट याने झाक्सेनचा मुलूख वाटून घेतला, तेव्हा थोरल्याची शाखा एर्नेस्टाइन ठरली. या ऑर्डरवर काम करणाऱ्याने तीन एर्न्स्ट आणि दोन फ्रीडरिश यांचा तक्ता पहिल्या दिवशी भिंतीवर लावावा. मी आज लावला.

परतीच्या गाडीत वंशावळ उघडून बसलो, तेव्हा ही चूक किती मुळावरची होती ते लक्षात आले. धर्मनिष्ठ एर्न्स्टला सात मुलगे राहिले आणि त्याच्यामागे त्यांनी राज्याचे सात तुकडे केले. पुढे एकेक शाखा खुंटत गेली. १८२५ मध्ये गोथाची शाखा निर्वंश झाली आणि १८२६ मध्ये उरलेल्या भाऊबंदांनी सगळा मुलूख नव्याने वाटून घेतला : कोबुर्गला गोथा मिळाले, त्याने झालफेल्ड मायनिंगेनला सोडले, हिल्डबुर्गहाउझेनही मायनिंगेनकडे गेले आणि हिल्डबुर्गहाउझेनचा फ्रीडरिश आपले जुने राज्य सोडून आल्टेनबुर्गच्या गादीवर बसला. वाटणी होऊन सात वर्षे झाल्यावर याच तिघांनी एक सामाईक ऑर्डर काढली. तिच्या मध्यभागी कोणाचा चेहरा घालायचा हा प्रश्न भाऊबंदकीत साधा नसतो. तिघांपैकी एकाचा घातला असता तर उरलेले दोघे ते पदक आपल्या अधिकाऱ्यांच्या छातीवर कशाला लावतील? म्हणून तिघांचा समाईक पूर्वज निवडला, असे मला वाटते. दिवससुद्धा त्याचाच होता. धर्मनिष्ठ एर्न्स्टचा जन्म २५ डिसेंबर १६०१ चा, आणि ऑर्डरची स्थापना २५ डिसेंबरलाच झाली. मी तो दिवस आजवर नुसता नाताळ समजून चाललो होतो.

मी राहतो ते येना तेव्हा वायमारच्या राज्यात होते. वायमारचे घराणेही एर्नेस्टाइनच, पण ते धर्मनिष्ठ एर्न्स्टच्या भावाच्या वंशातले असल्यामुळे या ऑर्डरमध्ये नाही. त्यांची ‘पांढऱ्या ससाण्याची’ ऑर्डर १७३२ पासूनची वेगळी आहे. मुखवट्याच्या निवडीबद्दलची माझी समजूत त्यामुळे अधिकच पक्की झाली.

गेलेला वेळ : चौदा दिवस. नवा मुखवटा कोरायला आजच बसलो.

१७ फेब्रुवारी

वर्गातल्या एका सहाध्यायाच्या ओळखीने एका संग्राहकाकडचा अस्सल क्रॉस अर्धा तास भिंगाखाली पाहायला मिळाला. हे मी सगळ्यांत आधी करायला हवे होते. एका भुजेवरचा मीना उडालेला होता, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तीच जागा सर्वांत मोलाची ठरली. मीना फुटला होता तो भुजेच्या मधोमध. टोके मात्र आठही शाबूत होती. टोकांवरचे गोळे मी केवळ शोभेचे समजत होतो. प्रत्यक्षात क्रॉस टेबलावर ठेवला, कोटावर घासला किंवा हातातून पडला की पहिला मार गोळ्यांवर बसतो आणि त्यांच्यामागची मिन्याची तीक्ष्ण टोके वाचतात.

सिंहांचेही तसेच. त्यांचे पंजे आणि आयाळ शेजारच्या भुजांना चिकटलेले होते, म्हणजे ते कोपऱ्यातल्या आधारकमानीचे काम करतात. ज्याने हे आखले तो हातात कानस धरलेला माणूस असावा.

२ मार्च

गेल्या आठवड्यात आठ गोळे केले. माझे मामा हुपरीला चांदीकाम करतात. पैंजणांचे रवे पाडण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी फोनवर रीत सांगितली : कोळशाच्या तुकड्यात वाटीसारखा खळगा करायचा, त्यात चांदीच्या तारेचे सारख्या लांबीचे तुकडे टाकायचे, टाकणखाराची चिमूट सोडायची आणि ज्योत लावायची, चांदी आपोआप गोल होते. सगळे तुकडे एकाच लांबीचे कापले की रवेही एका मापाचे पडतात. माझे आठही रवे तीन मिलिमीटरच्या आसपास आले आणि मी भलताच खूश झालो. ते आठ टोकांवर झाळून, म्हणजे तापवून धातूने जोडून, क्रॉस आज मिन्याच्या पहिल्या थरासह ८१० अंशांच्या भट्टीत घातला.

अडीच मिनिटांनी दार उघडले तेव्हा आठांपैकी सहा गोळे नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी तांब्यात मुरलेले चकचकीत डबके होते आणि दोन टोके खाली वाकून गळू लागली होती.

चांदी ९६१ अंशांना वितळते आणि तांबे १०८४ ला, म्हणून ८१० ला दोन्ही सुरक्षित, असा माझा हिशेब होता. मामांना छायाचित्र पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. “अरे, चांदी तांब्याला टेकवून तापवलीस म्हणजे तू झाळच केलीस की. आम्ही झाळ करतो ती कशाची करतो मग?” तांबे आणि चांदी एकमेकांना टेकलेली असली की जोडाची जागा ७८० अंशांच्या आतच वितळते. अस्सल क्रॉस सोन्याचे किंवा मुलामा दिलेल्या चांदीचे असत, त्यांत तांब्या-चांदीचा असा उघडा सांधा नसतो. माझी अडचण मी तांबे निवडल्यामुळे ओढवलेली होती.

“मग आता काय करू, मामा?”

“रवे शेवटी बसव, थंड. भोक पाड, खुंटी घाल. आणि पत्रा नवा घे, त्या टोकांचं आता काही होत नाही.”

क्रॉस बाद. नवा पत्रा १९ युरो, भट्टीचे भाडे ८ युरो आणि पहिल्या पत्र्यावरची सगळी मेहनत गेली.

१६ मार्च

दुसरा क्रॉस कापून कोरला. हात बसल्यामुळे निम्म्या वेळात झाला. टोकांना एक मिलिमीटरची भोके पाडून ठेवली.

पांढरा मीना सोपा असेल असे वाटणाऱ्यांसाठी लिहितो : तो सर्वांत मानी असतो. पूड धुतली नाही तर थर दुधाळ न होता करडा होतो. मी ती ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, खाली बसू देऊन, वरचे गढूळ पाणी ओतून, असे सात वेळा केल्यावर पाणी स्वच्छ दिसले. पहिला थर जाड दिल्याने कडेला हिरवट काळी रेघ उमटली, कारण तापलेल्या तांब्याचा काळा थर मिन्यात विरघळतो. तो घासून काढून दोन पातळ थर दिले, तेव्हा रंग जमला.

पण भट्टीतून काढून ठेवलेला क्रॉस थंड होताना ‘टिक’ असा आवाज आला आणि एका भुजेवर केसाएवढी चीर गेली. मी पाठीला मीना दिला नव्हता. धातू आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात, आणि एकाच बाजूला काच असली की पत्रा वाकायला पाहतो व काच फुटते. मूळ क्रॉसची मागची बाजूही पांढऱ्या मिन्याची आहे हे मी पाहिले होते, पण तो थाट समजलो होतो. पाठीला मीना देऊन क्रॉस पुन्हा ८०० अंशांना तापवला, तेव्हा चीर वितळून बुजली. पाठ भाजताना पुढची बाजू टेकू नये म्हणून पोलादी तारेची तिवई करावी लागली.

३० मार्च

निळे कडे. ब्रीद ‘फिडेलिटर एट कॉन्स्टान्टर’ असे आहे. ‘निष्ठेने आणि अढळपणे’ असा त्याचा अर्थ. लॅटिन लिपीत पहिल्या शब्दाची नऊ, दुसऱ्याची दोन आणि तिसऱ्याची दहा मिळून एकवीस अक्षरे होतात. मधल्या वर्तुळाचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे परीघ ७५ च्या आत-बाहेर. शब्दांमधल्या तीन मोकळ्या जागा धरून मी २४ सारखे भाग पाडले आणि प्रत्येक भागात एक अक्षर बसवले. परिणाम फारच वाईट झाला. पहिल्या शब्दात काडीसारखे बारीक अक्षर दोनदा येते, त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहिली आणि शेवटच्या शब्दातली रुंद अक्षरे एकमेकांना चिकटली. भाग पुसून प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी मोजली, मधला छोटा शब्द आधी जागेवर ठेवला आणि तिथून दोन्ही बाजूंना लिहीत गेलो. दोन संध्याकाळी लागल्या. अक्षरे उभी ठेवून भोवतालचे तांबे द्रावणात खाऊ दिले आणि खोलगट भागात अपारदर्शक निळा मीना भरला. पारदर्शक निळा तांब्यावर शाईसारखा काळपट दिसतो. तो प्रयोग एका वेगळ्या तुकड्यावर करून पाहिला होता हे नशीब.

१३ एप्रिल

ओकच्या माळेचा हिरवा रंग पारदर्शक हवा, नाहीतर पानांच्या शिरा दिसत नाहीत. आणि पारदर्शक हिरव्याखाली पांढरी चकाकी हवी. म्हणून चांदीचा वर्ख घालायचे ठरवले. घरात पेढ्यांवर लावायचा वर्ख होता, तो आधी वापरून पाहिला. तो इतका पातळ असतो की भट्टीत त्याचा मागमूस उरला नाही. मिन्यासाठी मिळणारी जाड चांदीची पन्नी आणली, १४ युरो. मार्चमधला धडा आठवून ती सरळ तांब्यावर न ठेवता आधी रंगहीन मिन्याचा एक थर भाजून घेतला आणि पन्नी त्यावर बसवली, म्हणजे चांदी तांब्याला टेकत नाही. पहिल्याच प्रयत्नात जमले. या कामात पहिल्याच प्रयत्नात जमलेली ही एकच गोष्ट.

२७ एप्रिल

चार सिंह एक मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून कापले. उंची १२ मिलिमीटर. शेपटी तीन वेळा तुटली, कारण मी बाहेरची रेषा आधी कापून शेपटीच्या आतली पोकळी नंतर कोरत होतो. क्रम उलटा केल्यावर तुटली नाही. आता भुजा बोटांनी दाबल्या तरी हलत नाहीत.

नवा मुखवटाही ओतून आला, पुन्हा ४८ युरो. या वेळी खांद्यापर्यंत केस आहेत.

२५ मे

सोन्याचा मुलामा बाहेर द्यावा लागला. एका आठवड्यात देतो म्हणणाऱ्या कारागिराने तीन आठवडे घेतले, आणि क्रॉस परत आला तेव्हा खालच्या भुजेच्या कडेला, जिथे चिमटा धरला असावा, तिथे मिन्याचा मोहरीएवढा टवका उडालेला होता. मुलाम्यानंतर पुन्हा भट्टी चालत नाही, त्यामुळे ती जागा पांढऱ्या थंड लेपाने भरली. तिरप्या उजेडात ती ओळखू येते. क्रॉस टांगून मुलामा द्यायचा आणि टांगण्याची तार सिंहांच्या मधून ओवायची, असे मी लेखी सांगायला हवे होते.

रवे नव्याने पाडून, खुंट्या घालून, थंड जोडाने बसवले. मामांना छायाचित्र पाठवले. त्यांनी आठही रवे मोठे करून पाहिले आणि वरचा डावा बाकीच्यांपेक्षा लहान आहे असे कळवले. मोजून पाहिला, ०.२ मिलिमीटरने लहान निघाला.

८ जून

फीत गडद लाल, दोन्ही कडांना हिरवा पट्टा. तयार फीत योग्य रुंदीत मिळाली नाही. लाल फितीच्या कडांना हिरवी रिबन शिवली, ६ युरो. मागच्या बाजूला ‘प्रत, २०२४’ असे कोरले आहे. मूळ क्रॉसवर मागे झाक्सेनचे राजचिन्ह आणि स्थापनेची तारीख असते. त्या चकतीवर काळ्या-सोनेरी दहा आडव्या पट्ट्यांवरून हिरवी तिरपी माळ जाते. ती मी केलेली नाही, कारण २० मिलिमीटरमध्ये दहा पट्टे मिन्याने भरण्याइतका माझा हात अजून तयार नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिन्ही ड्यूकांच्या गाद्या गेल्या. पुढे १९२० मध्ये मायनिंगेन, आल्टेनबुर्ग आणि गोथा थुरिंगियात आले, तर कोबुर्गने सार्वमत घेऊन बव्हेरियात जाणे पसंत केले. तिघांचा सामाईक क्रॉस आज दोन राज्यांच्या इतिहासात विभागलेला आहे.

हिशेब : पत्रे ३८, मीना आणि पन्नी ५७, भट्टीचे भाडे ७२, दोन मुखवट्यांची ओतणावळ ९६, मुलामा ६५, फीत आणि किरकोळ २१. एकूण ३४९ युरो आणि बावीस आठवडे. लहान रवा उद्या बदलणार आहे.